सह्यांच्या यादीवरूनच नोटिसा आल्या, आता पुढच्या निवेदनावर सही करायची का नाही?

कातळसडा
मंडळी, दिवा पॅसेंजरमध्ये बसून टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. गाव राजापूर आणि देवगडच्या मधल्या पट्ट्यातलं, नाव मुद्दाम देत नाही, प्रकल्पाचंही नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना कळायला नको त्यांच्याकडे आमची नावं आधीच आहेत, त्याचाच हा धागा.

सड्यावर, म्हणजे गावच्या कातळाच्या माळावर, मोजणी आणि ड्रिलिंग होणार म्हणून गेल्या शिमग्यापासून आमच्या पाच वाड्या रोज सड्यावर बसतात. रोज म्हणजे रोज. हा दुसरा पावसाळा चाललाय. पहिल्या महिन्यात तीनशे माणूस असायचं, आता कधी बावीस, कधी नऊ, आणि त्यातल्या सात बायका. वर निळी ताडपत्री, खाली कातळ, बाजूला चुलीसाठी तीन जांभे दगड.

परवा आईला नोटीस आली. वय 64. संध्याकाळी सव्वासातला दोन पोलीस आणि पोलीस पाटील दारात, आई गोठ्यात, हाताला शेण. "हयसर सही करा" म्हणाले, हिने हात पुसून सही केली आणि ते गेले. प्रत दिलीच नाही. "आपण बेकायदेशीर जमाव जमवून सार्वजनिक शांततेस बाधा आणण्याची दाट शक्यता" असलं कायतरी होतं म्हणते, कलम 168. दुसऱ्या दिवशी कळलं की एकूण 43 जणांना आल्यात. शेजारचे तात्या दिवाळीत वारले, त्यांच्याही नावाने आली.

आता मुद्दा. तात्यांच्या नावाने का आली म्हणून मी मागच्या वर्षी तहसीलला दिलेल्या निवेदनाची झेरॉक्स काढून बघितली. त्यावर 43 सह्या. नोटिसांचे जावक क्रमांक ज्यांना आठवतायत ते लावून बघितले तर क्रम तोच. निवेदन लिहिणाऱ्या पोराने आईच्या आडनावातला अनुस्वार खाल्ला होता, नोटिशीतही तो नाही. म्हणजे आम्ही "आम्हाला विश्वासात घ्या" म्हणून जो कागद हात जोडून दिला त्याचीच यादी करून आम्हाला गुन्हेगारासारखी ताकीद दिली.

जमावबंदी येणार अशी कुणकुण आहे म्हणून गावाला परत निवेदन द्यायचंय. अर्धी वाडी म्हणते सही नको. अर्धी म्हणते सही नाही तर मग निवेदन कसलं. मला खरंच समजत नाहीये. आणि दुसरं, जुन्या लोकांनी हे टिकवलं कसं हो? घोषणा एक दिवस देता येतात, पण रोजचं बसणं?

सुरमई_फ्राय
आवशीक सांग, बरा केलंस म्हणान. सही केलंस तां बरा केलंस, पण वाचल्याशिवाय करू नको.

काळाकोट_रत्नांग्री
घाबरू नका, पण हलकंही घेऊ नका. 168 म्हणजे जुन्या फौजदारी संहितेतलं 149, 1 जुलै 2024 पासून नंबर बदलले. दखलपात्र गुन्हा घडण्याआधी पोलिसांनी तो रोखावा यासाठीचं कलम. त्याखालची नोटीस ही ताकीद असते. शिक्षा नाही, एफआयआर नाही. पण पुढे सड्यावर काही झालं की "यांना आधी समज दिली होती" म्हणून तोच कागद फायलीला लागतो.

तेव्हा आधी प्रत मागा, लेखी. अर्ज दोन प्रतीत, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर. पोच देत नसतील तर पोस्टाने रजिस्टर एडी. सोबत चार ओळींचं उत्तर द्या, की मी निःशस्त्र, शांततेने बसते, घटनेच्या कलम 19 ने तो हक्क दिलाय, माझ्याकडून अमुक तारखेला अमुक कृत्य होईल असं कशावरून वाटलं ते कळवा. जास्त लिहू नका, वकिली भाषा नको, शिव्या तर नकोच नको. आणि पुढच्या वेळी सही करताना खाली वेळ घाला. "सायं. 7.15, प्रत मिळाली नाही." एवढे चार शब्द पुढे खूप कामाला येतात.

बाकीची कलमंही येतील, त्यामुळे ओळखून ठेवा. 126 (जुनं 107) आलं तर ते तहसीलदार किंवा प्रांतांकडून येतं, तिथे हजर राहावंच लागतं, जास्तीत जास्त एक वर्षाचा बॉण्ड मागतात, आणि ती चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर खास कारण नोंदवल्याशिवाय पुढे चालत नाही. 170 खाली (जुनं 151) उचलून नेलं तर त्या जोरावर 24 तासांच्या वर ठेवता येत नाही. बाईमाणसाला सूर्यास्त ते सूर्योदय अटक नाही, अगदी अपवाद असला तरी महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.

जमावबंदी म्हणजे दोनापैकी एक. 163 (जुनं 144), दोन महिने, सरकारने वाढवलं तर आणखी सहा. किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 37(3), त्याला 15 दिवस, त्यापुढे सरकारची मंजुरी. आदेश निघाला म्हणतात तेव्हा तो कुठे लावलाय ते विचारा, फोटो काढा. जानेवारी 2020 मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की असे आदेश प्रसिद्ध करायचे, कारणं लिहायची, लोकांचं रास्त म्हणणं दाबायला वापरायचे नाहीत आणि तोच आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे.

कातळसडा
@काळाकोट खूप आभार, हे प्रिंट काढून देवळात लावतो. एक शंका. गावातली तीन-चार पोरं कुवेत-कतारला जायच्या तयारीत आहेत, दोघं पोलीस भरतीची प्रॅक्टिस करतायत (हो, तीच पोरं सड्यावर पण धावतात, सकाळी सहाला). त्यांचे आईबाप म्हणतात पासपोर्ट अडकेल, चारित्र्य पडताळणीत येईल.

काळाकोट_रत्नांग्री
168 ची नोटीस म्हणजे प्रलंबित फौजदारी खटला नव्हे. पासपोर्टच्या अर्जात विचारतात ते कोर्टातल्या खटल्याबद्दल. पण एफआयआर झाला, चार्जशीट गेलं तर मात्र फरक पडतो, ते गोड बोलून लपवणार नाही. बेकायदा जमावाचं कलम पाच माणसांपासून लागतं हेही पोरांना सांगून ठेवा. ठरवायचं त्यांनीच.

हापूस_पेटी
मी जरा उलटं बोलणार आहे, चिडू नका. माझा मुलगा लोट्याला कंपनीत आहे म्हणून निदान आठवड्याला घरी येतो. बाकी वाडीत बघा, बारा घरांना कुलपं, आंब्याच्या दोन महिन्यांवर वर्ष निघत नाही, फवारणीचा खर्च काय झालाय तो बागवाल्यालाच माहीत. प्रत्येक प्रकल्प आला की नाही, नाही, नाही. एन्रॉन नको, जैतापूर नको, नाणार नको, बारसू नको, मग काय पाहिजे? शेवटी निवडून दिलेलं सरकार आहे, जनसुनावणी असते, कोर्ट आहे. रोज सड्यावर बसून काय होणार? आणि चाकरमान्यांनी मुंबईत बसून गावाला विरोध करायला लावणं मला पटत नाही.

माड_आणि_फणस
@हापूस_पेटी कुलपं प्रकल्पाला विरोध केल्यामुळे लागली का? गिरण्या होत्या तेव्हापासून आपली माणसं जातायत की. आणि जनसुनावणी म्हणताय तर एकदा बसून बघा, हजार पानांचा अहवाल, मराठीत मिळतो तो गोषवारा, आणि बोलायला माणशी तीन मिनिटं, त्यातलं एक मिनिट माईक टेस्टिंगला जातं.

जैतापूरला माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल, वरळीवाडा या पाच गावांची 938 हेक्टर जमीन 1894 च्या भूसंपादन कायद्याने घेतली. 9900 मेगावॅटचा कागद तयार, पण अजून एकही अणुभट्टी उभी नाही, जमीन मात्र गेली ती गेली. एप्रिल 2011 मध्ये नाट्याला गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. रोजगाराचा हिशोब मांडताना हे पण एका रकान्यात मांडा.

हापूस_पेटी
मांडतो की. मी आंधळा नाही. पण सगळेच विरोधात आहेत असं जे चित्र उभं करतात ते खोटं आहे, एवढंच म्हणणं.

अलिबागचा_पांढरा_कांदा
टिकवलं कसं हा प्रश्न वाचून राहावलं नाही. माझं आजोळ अलिबागजवळच्या चरीच्या बाजूचं. 27 ऑक्टोबर 1933 ला चरीत सभा झाली आणि 25 गावांच्या कुळांनी ठरवलं की खोताची, म्हणजे जमीनदाराची, जमीन कसायचीच नाही. नारायण नागू पाटील पुढे होते. हा संप 1939 पर्यंत चालला, सात वर्षं!! विचार करा, भाताच्या मुलखात माणूस आपल्या डोळ्यासमोर खाचर पडीक टाकतो, एक पावसाळा नाही, दुसरा नाही, सगळे. लोक जंगलात लाकूडफाटा तोडून मोळ्या विकायचे, करवंदं खायचे. माझी आजी म्हणायची की तिच्या सासूला मरेपर्यंत करवंदाचा वास सहन व्हायचा नाही. आम्ही हसायचो लहानपणी.

पुढाऱ्यांवर भाषणबंदी आली. म्हणजे तेव्हाही पहिलं तोंड बंद करायचं. 1937 ला "कृषीवल" निघालं, अजून अलिबागला निघतंय. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. 1939 च्या कायद्याने कुळाला कागदावर संरक्षण मिळालं आणि खोती कायद्याने संपायला 1949 उजाडलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. संप टिकला कारण न कसणं हे प्रत्येक घराला रोज करता येत होतं, त्याला भाषण लागत नाही, परवानगी लागत नाही. तुमच्या सड्यावर बसण्यातसुद्धा तसलं कायतरी आहे बघा. नऊ माणसं का असेना.

पाटीपेन्सिल
सात नाही हो, 33 ते 39 म्हणजे सहाच होतात.

अलिबागचा_पांढरा_कांदा
33, 34, 35, 36, 37, 38, 39. बोटं मोजा. आमच्याकडे सातच म्हणतात.

पाटीपेन्सिल
बरं बाबा सात.

निवृत्त_बक्कल
मी 31 वर्षं खात्यात काढली, हवालदार म्हणून रिटायर. अशा नोटिसा मी स्वतः वाटल्यात, म्हणून खरं काय असतं ते सांगतो. वरून निरोप येतो, आंदोलकांना प्रतिबंधक नोटिसा बजावा, संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. आता बीट अंमलदार यादी आणणार कुठून? ग्रामसभेचं हजेरी रजिस्टर, निवेदनाच्या सह्या, व्हॉट्सॲप ग्रुपचा स्क्रीनशॉट, नाहीतर पोलीस पाटलाच्या तोंडून. सगळ्यात सोपी निवेदनाची यादी, कारण ती आयती क्रमांक घालून मिळते. वाचत कोण बसतंय, म्हणून तर मयत माणसालाही जाते. माझ्या हातून एकदा एका शाळेतल्या पोराला गेली होती, बापाचं आणि त्याचं नाव एकच. बाईने दारातच माझी पार काढली आणि बरोबर काढली.

राग धरू नका असं म्हणत नाही, धरा. पण पोलीस ठाण्यात घोषणा देणाऱ्याचा कुणाला त्रास नसतो, तो जेवायच्या वेळेला घरी जातो. "साहेब, आवक नंबर द्या" म्हणणारा माणूस आला की ठाणे अंमलदार खुर्चीत सरळ बसतो. कारण मग त्या कागदाला उत्तर द्यावं लागतं आणि उत्तराखाली कुणाची तरी सही लागते. आमच्यापण सहीला आम्ही घाबरतो, तुम्हालाच वाटतं फक्त.

एक अजून. बंदोबस्तातली पोरं पण त्याच कातळावर उभी असतात, वीस वीस तास, आडोसा नाही, बाथरूम नाही, महिला पोलिसांचे तर हालच. एका गावात आम्हाला बायकांनी कळशीभर कोकम सरबत आणून दिलं होतं, मोर्चा त्यांचाच. त्या दिवशी लाठी उचलायला हात जड झाला एवढं सांगतो.

खाडीपलीकडे
@निवृत्त_बक्कल सरबताचं बरोबर आहे काका, पण दरवेळी तसं होत नाही. एन्रॉनच्या वेळी गुहागर तालुक्यात वेलदूरला 3 जून 1997 च्या पहाटे पोलीस घुसले तेव्हा पुरुष दर्यावर होते आणि घरात बायका-पोरं. दारं तोडली, बायकांना फरफटत बाहेर काढून मारलं. हे ह्यूमन राइट्स वॉचच्या 1999 च्या अहवालात साक्षींसकट आहे, ॲम्नेस्टीने त्याच्याही आधी 97 मध्येच लिहिलं होतं. त्याच अहवालात हेही आहे की प्रकल्पाजवळ ठेवलेल्या राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती. पगार कोण देतं याच्यावर लाठी कुणाची ते ठरतं ना. आणि तिथेही सुरुवात याच कागदांनी झाली होती, 37 चे मनाई आदेश, 151, 107, पुढाऱ्यांना तालुकाबंदी. मारहाण नंतर आली, त्याच्याआधी कागद येत होते.

ती कंपनी 2001 च्या डिसेंबरात अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. वेलदूरच्या बायका अजून मासळी विकतायत.

घाटावरची
मी कोल्हापूरची, कोकणात फक्त गणपतीपुळ्यापुरती येते, त्यामुळे अडाणी प्रश्न. तो जनसुरक्षा कायदा आला ना, तो यांच्यावर लागू शकतो का?

काळाकोट_रत्नांग्री
अडाणी नाही, सगळेच विचारतायत. ते विधेयक विधानसभेत 10 जुलै 2025 ला आणि परिषदेत दुसऱ्या दिवशी मंजूर झालं. त्याचा गाभा म्हणजे सरकार एखादी संघटना बेकायदा जाहीर करू शकतं, त्याला सल्लागार मंडळाची चाळणी आहे. सरकारचं म्हणणं की रोख कडव्या डाव्या, नक्षल संघटनांवर आहे आणि साध्या आंदोलकाला धक्का नाही. हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं की व्याख्या ढोबळ आहेत आणि ढोबळ शब्द आज एका हातात, उद्या दुसऱ्या हातात. संयुक्त समितीकडे 12 हजारांच्या वर सूचना-हरकती गेल्या होत्या, त्यानंतर मसुद्यात बदलही झाले. माझं वैयक्तिक मत, वाडीवरच्या माणसाला मोठ्या कायद्याची झळ क्वचित लागते, त्याला मारतं ते 168, 126 आणि 37. पेपरात कुणी त्यावर अग्रलेख लिहीत नाही.

वेंगुर्ल्याचो_बापू
आमच्या वयाच्या माणसाक हे ऐकून 75 साल आठवता. 25 जूनच्या रात्री आणीबाणी लागली तेव्हा आमचे राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते, त्यांना बेंगळुरूला तुरुंगात टाकलं. गावात कोण बोलायचं नाही. चहाच्या टपरीवर रेडिओ बातम्या लागल्या की माणसं उठून जायची, उगाच चेहऱ्यावर कायतरी दिसायला नको म्हणून. आणि 77 ला मतपेटी उघडली तर तेच निवडून आले. म्हणजे न बोलणारे सगळे मनात लिहून ठेवत होते. पण 21 महिने लागले आणि त्या 21 महिन्यांत शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघायला लागला, ते नंतर भरून यायला खूप वर्षं गेली. कातळसडा, तुझ्या गावात ते व्हायला देऊ नको. सही न करणाऱ्या घराला वाळीत टाकू नका.

महाडकर
सहीवर माझं मत. मी महाडचा, चवदार तळ्यापासून पाच मिनिटांवर घर. लोकांना 20 मार्च 1927 पाठ असतं, पुढचं कुणी वाचत नाही. 1923 ला कायदेकौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा बोल्यांचा ठराव झाला, 1924 ला आमच्या नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं म्हणून ठराव केला. कागदावर हक्क होताच. पाणी प्यायला मात्र तीन वर्षांनी जावं लागलं आणि प्याल्यावर मार खावा लागला. मग डिसेंबरात परत परिषद ठरली तर काही मंडळींनी तळं खाजगी आहे असा दावा टाकून 14 डिसेंबरला मनाई हुकूम आणला. लोक तळ्यावर जायला तयार होते, जेलला तयार होते. बाबासाहेबांनी कलेक्टरशी बोलून, लोकांना समजावून, त्या वेळी तळ्यावर जाणं थांबवलं आणि दावा लढवला. निकाल हायकोर्टात 17 मार्च 1937 ला लागला. दहा वर्षं. त्या दाव्यात प्रतिवादी म्हणून नाव कुणाचं आहे? त्यांचंच, भीमराव रामजी आंबेडकर. नाव लिहिलेलं होतं म्हणून निकाल लागला. बिननावी जमावाच्या बाजूने कोर्ट काय निकाल देणार.

तेव्हा सही करा. पण कुणी करायची ते गावाने बसून ठरवा.

हापूस_पेटी
मी परत आलो. काल रात्री हा धागा परत वाचला आणि एक गोष्ट मनात अडकली ती लिहितो. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी वेगळ्या एका प्रकल्पासाठी संमतीपत्रं गोळा केली, मी सही केली, माझं मत होतं. पांढऱ्या गाडीतून साहेब आले, चहा-बिस्किटं, हातात हात, फोटो. त्याच साहेबांच्या हद्दीत कुणी विरोधाच्या कागदावर सही केली असती तर त्याच्या घरी संध्याकाळी पोलीस गेले असते. सही तीच, शाई तीच. हे मला पटत नाही. प्रकल्प झाला पाहिजे असं माझं मत अजून आहे. पण शेजाऱ्याला नाही म्हणता येत नसेल तर माझ्या हो ला पण काय किंमत राहिली.

माड_आणि_फणस
@हापूस_पेटी आपलं जमणार नाही पण पेटी घेईन तर तुमच्याकडूनच.

लाल_माती
पेणचं कुणी लिहिलं नाही म्हणून. सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी 21 सप्टेंबर 2008 ला 22 गावांत कलेक्टरांनी खरंखुरं मतदान घेतलं होतं, जमीन द्यायची का नाही. एन. डी. पाटील सरांनी लावून धरलं होतं. असं सगळीकडे का घेत नाहीत? सगळ्यांचंच काम सोपं होईल, @हापूस_पेटी म्हणतात तसं कोण कुठल्या बाजूला तेही कळेल.

दिवा_पॅसेंजर
टिकवण्याबद्दल माझे दोन पैसे, आमच्या गावात हे आम्ही चार वर्षं केलंय. चुका आधी सांगतो. पहिल्या वर्षी सगळ्यांनी रोज यायचं असं ठरवलं, मे महिन्यात माणसं दमली, जूनला लावणी आली आणि मांडव रिकामा. रिकाम्या मांडवाचा फोटो दुसऱ्या दिवशी बरोब्बर पोचला जिथे पोचायचा तिथे. मग पाळी लावली. वाडीला एक वार, घराला महिन्यातून एक दिवस, बस. लावणीत दुपारी बारापर्यंत म्हातारी माणसं, नंतर शेतावरून आलेली. गणपतीत बसायचं कसं यावर तर दोन बैठका मोडल्या, शेवटी भजनाची एक बारी सड्यावरच केली, टाळ-मृदुंग, लाऊडस्पीकर नाही म्हणजे परवानगीचा प्रश्न नाही.

वही ठेवा. दोनशे पानी, रोज तारीख, कोण बसलं, कुठली गाडी आली, नंबर, किती वाजता, कोण उतरलं, काय बोललं. आमच्या वहीत "आज कोणी आले नाही, पाऊस" असं ओळीने एकोणीस दिवस लिहिलंय. कोर्टात साहेबांच्या वकिलांनी जमाव हिंसक होता म्हणून सांगितलेला दिवस त्या एकोणीसातला निघाला.

पैशाचा हिशोब दर महिन्याला देवळात वाचून दाखवा, चहा-पावडरसकट. आंदोलनं लाठीने मोडत नाहीत हो, "वर्गणीचं काय झालं" या एका वाक्याने मोडतात. चाकरमान्यांनी पैसे पाठवून हात झटकायचे नाहीत, वर्षातून तीन पाळ्या स्वतः यायचं, नाहीतर गावातली माणसं बोलतात आणि बरोबर बोलतात.

सुरमई_फ्राय
एकोणीस दिवस पाऊस ह्या वाचून गळ्यात आवंढो इलो.

कातळसडा
अपडेट. उशीर झाला, गावाला रेंज म्हणजे चिंचेखाली एक कोपरा.

सोमवारी आई आणि आणखी सहा बायका एसटीने पोलीस ठाण्यात गेल्या. मी जाऊ का विचारलं तर नको म्हणाली. प्रतीसाठी अर्ज आणि उत्तर, दोन्ही हाताने लिहिलेलं, काळाकोट यांनी सांगितलं तेवढंच. तिथल्या साहेबांनी विचारलं, हे कोणी शिकवलं. आई म्हणाली, "झील शिकान मुंबैक गेलो, मी हयच आसंय, माकाच शिकूक होया ना." आधी दीड तास बाकावर बसवलं. मग एका महिला शिपायाने आवक नंबर टाकून दिला. 43 पैकी 41 प्रती मिळाल्या. तात्यांच्या काकी पण गेल्या होत्या, त्यांनी तात्यांच्या वतीने उत्तर दिलं आणि मृत्यूचा दाखला जोडला. त्यालाही आवक नंबर पडला. घरी येईपर्यंत काकी एक शब्द बोलल्या नाहीत, घरी आल्यावर हसत सुटल्या आणि मग रडल्या.

सहीचं काल देवळात ठरलं. दोन तास भांडण. चार घरांनी स्पष्ट नाही सांगितलं, बापूंचं म्हणणं वाचून दाखवलं होतं त्यामुळे कुणी काही बोललं नाही, पण एक जण उठून गेला तो गेलाच. भरतीवाल्या दोन पोरांना आणि कुवेतवाल्यांना बायकांनीच सांगितलं, तुम्ही सही करायची नाही. त्यातला एक पोरगा ऐकेना, त्याच्या हातून पेन काढून घेतलं. ज्यांना नोटीस आली त्यांनी पहिल्या सह्या करायच्या असं ठरलं. एकूण 112 झाल्या. आडनावातला अनुस्वार आईने स्वतः घातला, एवढा मोठा की खालच्या ओळीत आलाय.

वही कालपासून सुरू. पहिल्या पानावर "पाऊस, माणसे 11, गाडी नाही."

जमावबंदी अजून तरी लागलेली नाही. गुरुवारची पाळी आमच्या वाडीची आणि तीन नावं कमी पडतायत. लावणी आटोपलेय, मुंबईचं कोण येऊ शकतं ते इथे लिहा, आई विचारतेय भाकऱ्या किती टाकायच्या.

दिवा_पॅसेंजर
मी येतो, रात्रीच्या गाडीने. दोन.

सुरमई_फ्राय
माझ्यो तीन. आणि सुकट भाजलेली आसात तर बघ.